मुलुंडचं बाळ आणि सकाळची गोळी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझं हृदय मोठं झालंय आणि त्याचा जोर कमी पडतोय. तेव्हा मला मरणाची भीती वाटली नाही. पहिला विचार आला तो शेवंतीचा. आता माझी कामाची सगळी घरं ही बया घेणार.

शेवंती माझी धाकटी जाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. जोगेश्वरीला एकाच चाळीत आमच्या खोल्या, मधे फक्त एक खोली सोडून. लग्न होऊन गावाहून आली तेव्हा तिला स्टोव्ह पेटवता येत नव्हता. तो मी शिकवला, आणि पुढे माझं कामही मीच शिकवलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे लिहिते, कारण हृदयाचं दुखणं झालेल्या बायका मला येऊन विचारतात, काम करता येतं का, बसने जाता येतं का. येतं. पण खरं सांगायचं तर या आजारात मला भीतीपेक्षा जळफळाट जास्त झाला, आणि त्या जळफळाटाने मी जवळजवळ मेले होते. ते सोडून बाकीचं लिहिलं तर तुमच्या काही उपयोगाचं नाही.

माझं काम

मी बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचे. नवरा गिरणीत होता. तो लवकर गेला आणि मी हे काम धरलं. तीस वर्षं केलं. जोगेश्वरी, अंधेरी, गोरेगाव, पुढे बोरीवलीपर्यंत.

मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि बाळाला दोन्ही नडग्यांवर पालथं घालायचं. पाणी कोपर बुडवून बघायचं. अंघोळ झाली की पुसून, गुंडाळून शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची. शेवटी दृष्ट काढायची. माझ्या पायांवर किती मुलं वाढली ते मी मोजलं नाही. त्यातल्या काहींना आता मिशा आहेत.

बाळं माझ्या हाताखाली रडायची. रडलंच पाहिजे, छाती मोकळी होते, असं मी आयांना सांगत असे.

कळलं तो दिवस

दोन महिने पाय सुजत होते. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जात नसे. मी म्हटलं, जन्मभर ओल्या मोरीत बसले, पाय सुजणारच. झोपताना एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. त्यालाही मी काही ना काही कारण काढलं.

मग बोरीवलीच्या एका घरी जाताना दुसऱ्या मजल्यावर मी जिन्यात बसले. उठताच येईना. तिसऱ्या मजल्यावरून बाळाची आजी ओरडत होती, "अहो, या ना! पाणी निवतंय!" मला ओ देता येत नव्हती. पाव तासाने वर गेले, बाळाला न्हाऊ घातलं आणि मगच डॉक्टरकडे गेले. हा शहाणपणा नव्हता. तुम्ही करू नका.

आमच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे छातीला रबरी वाट्या चिकटवून कागद काढला, फोटो काढला. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची वाटत होती. तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. कणकेत बोट घालावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. मी त्या खळग्याकडे बघत बसले. याच जागी बाळाचं पोट येतं.

"आजी, पाणी साठलंय अंगात," ती म्हणाली. "भरती व्हावं लागेल."

माझा मुलगा प्रकाश बरोबर होता. तो म्हणाला, "आई, आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. माझी सून आजही म्हणते की मी तेव्हा तसं बोलायला नको होतं. नकोच होतं.

वॉर्ड

सोळा दिवस होते. रोज सकाळी वजन, रोज लघवी मापून लिहायची. मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. रत्नागिरीकडच्या बाईला सुकट बंद करणं म्हणजे काय, ते त्याच मुलखातल्या माणसाला कळेल. जेवणाच्या वेळी मी दुसऱ्यांच्या ताटांकडे बघायचे.

शेजारच्या खाटेवर घाटकोपरची एक बाई होती. तिचा नवरा रोज चार वाजता यायचा आणि मोसंबं सोलून एकेक फोड तिच्या हातावर ठेवायचा. त्या बाईचा आजार माझ्यापेक्षा वाईट होता, तरी मला तिचा हेवा वाटला. आजाऱ्याला चांगलंच सुचतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शेवंतीही रोज यायची. बिनमिठाची पेज आणायची. येताना माझ्याच घरांवरून यायची, कारण मी भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती घरं तिने धरली होती. सांगायची गरजच नव्हती. तिच्या पदराला वास यायचा. बोरीवलीवाल्यांच्या धुरीत ऊद असतो, गोरेगावच्या घरी तिळाचं तेल वापरतात. वासावरून मला कळायचं, आज ही कुठून आली.

"बोरीवलीचं पोर कसं आहे?" मी विचारायचे.

"झकास आहे गो. हसतं आता."

माझ्याकडे ते एकदाही हसलं नव्हतं.

एकदा नर्सने तिला सांगितलं की माझं हृदय मोठं झालंय. शेवंती म्हणाली, "आमच्या आक्काचं काळीज मोठं? इतकी वर्षं एका चाळीत राहते, मला कधी दिसलं नाही!" सगळा वॉर्ड हसला. घाटकोपरची बाईसुद्धा हसली. मीही हसले असते, दुसरं कोणी बोललं असतं तर.

घरी सोडताना नर्सने गोळ्यांच्या पाकिटांवर चित्रं काढून दिली. रात्रीच्या गोळीवर चंद्र. लघवीच्या गोळीवर सूर्य. मला वाचता येतं असं मी म्हटलं, पण तिला घाई होती.

परत कामाला

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, जिने नाहीत, बादल्या उचलायच्या नाहीत, तीन महिन्यांनी बघू. मी दीड महिन्यातच घरं परत मागायला निघाले.

गोरेगावची म्हणाली, "आजी, तुम्ही आता आराम करा." अंधेरीची म्हणाली, "शेवंतीबाईंच्या हाताची सवय झालीय हो त्याला." बोरीवलीच्या तिसऱ्या मजल्यावर मी गेलेच नाही.

अंधेरीच्या घरी मी दारात उभी होते तेव्हा आत मोरीत शेवंतीची अंघोळ घालणं चाललं होतं. ती बाळाशी बोलत होती. काहीतरीच, "काय रे चोरा, कुठे चाललास रे चोरा?" असलं. आणि बाळ रडत नव्हतं. मी तिथे उभी राहून वाट बघितली. तोंडावर पाणी आलं की रडेल. नाही रडलं. मी चप्पल घालून निघून आले.

एकच घर उरलं होतं. वसुधावहिनी पूर्वी जोगेश्वरीला राहायच्या. त्यांच्या मंदाला मी सव्वा महिना न्हाऊ घातलं होतं. नंतर ते मुलुंडला गेले. मंदाचं लग्न झालं आणि आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वसुधावहिनी मला इस्पितळात बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "मंदाचं बाळ तुमच्याच पायावर पडणार हां आजी. मी दुसरी बाई बघणार नाही."

ते घर तळमजल्यावर होतं. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि भांडले. तिने शेवटी ऐकलं. फक्त बाळाची अंघोळ, बाळंतिणीला चोळायचं नाही. पाणी दुसऱ्याने आणून ठेवायचं. मीठ बंदच. गोळी एक दिवस चुकवायची नाही. आणि बरोबर कोणीतरी हवं.

"जाऊ येईल," मी सांगितलं.

शेवंतीला मी यातलं काही सांगितलं नाही. मंदाला मुलगी झाली, पाचव्या दिवशी घरी आणली, आणि सहाव्या दिवसापासून मी एकटी जायला लागले.

चूक

आता लघवीच्या गोळीचं सांगते. कारण हे कोणी लिहीत नाही.

ती गोळी घेतली की दुपारपर्यंत चार-पाच वेळा जावं लागतं, आणि लागली की थांबवत नाही. मला जोगेश्वरीहून एका बसने अंधेरी आणि तिथून साकीनाका, पवईवरून दुसऱ्या बसने मुलुंड. सव्वा तास. रस्त्यात बाईमाणसाला जायला जागा नाही. वसुधावहिनींकडे संडास होता, कोणी नको म्हटलं नसतं. पण आमच्या कामाचा नियम आहे. संडासला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. हा नियम मीच सगळ्या घरांना शिकवला होता. आता मीच तो कसा मोडणार? आणि दुसऱ्याच्या घरी दोनदा अंघोळ करायला लागले तर वसुधावहिनी काय म्हणतील? आजी थकल्या. आणि मग कोणाला बोलावतील?

म्हणून मी गोळी घेईना. रोज सकाळी पाकिटातून एक काढायचे आणि ओव्याच्या डबीत टाकायचे, म्हणजे सून पाकीट बघेल तर कमी झालेली दिसेल.

दुपारी घरी येऊन का नाही घेतली, असं तुम्ही विचाराल. पाकिटावर सूर्य काढलेला होता. बाळंतिणीचा सकाळचा काढा आम्ही दुपारी देत नाही. मला वाटलं, वेळ टळली की औषध बाधतं.

पहिले चार-पाच दिवस फार चांगले गेले. बसमध्ये खिडकी मिळायची. पवईचं पाणी दिसायचं. मंदाची मुलगी माझ्या नडग्यांवर तिच्या आईसारखीच पडायची, एक हात पोटाखाली दुमडून. दुपारी मी मुद्दाम शेवंतीच्या दारावरून जायचे.

"मुलुंडहून आले," मी सांगायचे. तिने विचारलेलं नसायचं.

"तेल कुठलं घेतात?" ती म्हणायची.

"खोबऱ्याचं. घरी काढलेलं."

ती माझ्या पायांकडे बघायची. मला वाटायचं, जळतेय.

पुढे चप्पल घट्ट झाली. नवव्या दिवशी बसच्या पायरीवर कंडक्टरने हात दिला. मी मनात म्हटलं, आठ दिवस निघाले, सव्वा महिनाही निघेल.

दहावा दिवस

वसुधावहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि दूध तापवायला गेल्या. मंदा आत पलंगावर होती. मी बाळाला तेल लावलं, डाळीचं पीठ लावलं, पालथं घातलं. पहिला तांब्या ओतला आणि माझा श्वास संपला.

दुखलं नाही. फक्त हवा आत जाईना. बुडत असल्यासारखं. दोन्ही हात जड झाले, आणि पायांवर ते बुळबुळीत पोर. उठता येईना, हाक मारता येईना. मी एवढंच केलं की दोन्ही गुडघे जवळ आणले आणि पदर ओढून तिच्यावर टाकला, म्हणजे हात सुटले तरी ती कापडात राहील. ती रडत होती. ती रडतेय तोपर्यंत ठीक आहे, असं वाटत होतं. आणि बाहेर सगळ्यांना वाटत होतं की आजींच्या हाताखाली बाळ रडणारच.

तेवढ्यात मोरीच्या दारात शेवंती उभी.

तिने वाकून पोर उचललं, एका हाताने माझी पाठ भिंतीला टेकवली आणि ओरडली, "वहिनीनू, टॅक्सी बोलवा! आधी टॅक्सी!"

आणि खांद्यावर घेतल्याबरोबर ते बाळ गप्प झालं.

मी त्या वेळी मरत होते. तरी मला आठवतं, मला वाटलं, बघा, हिच्याकडे गप्प झालं.

टॅक्सीत मी तिच्या अंगावर रेलून बसले होते. थोडा श्वास आला तेव्हा मी म्हटलं, "तू माझ्या मागावर आलीस?"

"तुझ्या मागावर नाय. डब्याच्या मागावर," ती म्हणाली. "तू सकाळची डबा घेऊन चार वेळा संडासच्या रांगेत असायचीस. तुझा नंबर मी धरायची. मुलुंड धरलंस त्या दिवसापासून तुझा डबा एकदाच हलतो. म्हटलं, गोळी घेत नाय ही. प्रकाशला सांगितलं तर तो म्हणाला पाकीट रिकामं होतंय. मग त्याच्याकडून पत्ता घेऊन आज पुढच्या बसने आले."

चाळीत संडास सार्वजनिक असले की कोणाचं काही लपत नाही, हे मी विसरले होते.

"मला तोंडावर का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस? तू मला बघितलंस की तोंड फिरवतेस, आक्का. घरं काय मी पळवली? तू आडवी पडलीस. पोरांना पारोसं ठेवायचं होतं?"

मी तोंड फिरवलं, टॅक्सीच्या खिडकीकडे.

सूर्य

पुन्हा बारा दिवस इस्पितळ. बाळाचं बारसं पुढे ढकललं होतं, तेही त्यात गेलं. सुनेने ओव्याची डबी आणून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतली. ओवा आणि गोळ्या.

मी सगळं सांगितलं. बस, संडास, अंघोळ, सूर्य.

"अहो आजी," डॉक्टरीणबाई म्हणाली, "दुपारी घरी आल्यावर घ्यायची! दोन वाजता घेतली तरी चाललं असतं. मला विचारलं का नाही?"

"तुम्ही सूर्य काढला होता."

मग पेन घेऊन तिने पाकिटावरचा सूर्य खोडला आणि मोठा दोन काढला. नंतर, मला वाटतं, ती प्रत्येक बाईला विचारायला लागली की तुम्ही सकाळी कुठे जाता, घरी कधी येता. माझ्यामुळे काही झालं असेल तर एवढंच.

तुम्हाला हेच सांगायचं होतं. माझी वेळ दोनची ठरली म्हणून तुम्ही आपल्या मनाने दोनला घेऊ नका. पण विचारा. कामाला जाते, बसने जाते, वाटेत लघवीला जागा नाही, हे तोंडाने सांगा. लाजून मरू नका. मी मरत होते.

मुलुंड

मधल्या दिवसांत मुलुंडही शेवंतीनेच सांभाळलं होतं. तीच म्हणाली, "चल माझ्याबरोबर. खुर्चीत बस आणि माझ्या चुका काढ. तेवढंच तुला बरं वाटेल."

सव्वा महिन्यातले शेवटचे आठ दिवस आम्ही दोघी गेलो. तिची बाकीची घरं तिने उशिरावर टाकली. बसमध्ये ती मला खिडकी द्यायची. वसुधावहिनी मोरीच्या दाराशी खुर्ची ठेवायच्या. मी बसायचे आणि बघायचे.

मी चुका काढल्या. मान नीट धर. पाणी गरम आहे. कानामागे तेल राहिलं. ती "हो गो" म्हणायची आणि बाळाशी तिचं ते चोराचं बोलणं चालू ठेवायची. बाळ तिच्याकडे बघून तोंड उघडायचं. मी खुर्चीचा हात धरून बसायचे. सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात म्हणायचे, आज तरी रड गं.

शेवटच्या दिवशी वसुधावहिनींनी शेवंतीला साडी दिली. ओटी भरली. मलाही साडी दिली, पण मला खुर्चीत बसल्याची दिली होती, ते मला कळत होतं. शेवंतीच्या साडीचा काठ मोठा होता. तेही मी बघितलं.

मग मंदा म्हणाली, "आजी, आज दृष्ट तुम्ही काढा. माझीही तुम्हीच काढायचात ना?"

मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या. मीठ मला खायला बंद आहे, मुठीत घ्यायला नाही. बाळाला घेऊन मंदा बसली. मी तोंडाने म्हणायला लागले, आल्यागेल्याची, शेजारणीची, घरच्याची, दारच्याची. तीस वर्षं म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की या घरात गेले आठ दिवस एकच वाईट डोळा खुर्चीवर बसून होता, आणि तो बाळावर नव्हता.

बाळावरून तीन वेळा उतरवलं. शेवंती मोरीत पाट उभा करून ठेवत होती.

"शेवंते, इकडे ये. बस."

"कशाला?"

"बस म्हणते ना."

ती बसली, ओल्या हातांनी. मी मूठ तिच्या डोक्यावरून फिरवायला लागले तशी ती हसली. "माझी कसली दृष्ट गो? मला कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हटलं.

तिचं हसू थांबलं. मी तीन वेळा उतरवलं, चौथ्यांदाही उतरवलं, आणि मूठ शेगडीत टाकली. मिरच्या जळल्या की घरभर ठसका लागतो. दृष्ट जबर असली तर लागत नाही, असं म्हणतात. आम्ही दोघी शेगडीकडे बघत उभ्या राहिलो. मोहरी तडतडली. धूर झाला.

कोणालाच ठसका लागला नाही. मलाही नाही.

शेवंतीने पदराने हात पुसले. "चल," ती म्हणाली, "पावणेएकची बस गेली तर तुझी दोनची गोळी चुकेल."